कादंबरीवाचनातून शब्दसंपादन

कादंबरीवाचनातून शब्दसंपादन म्हणजे दीर्घ व सलग कथात्मक मजकूर वाचत असताना अपरिचित शब्दांचे रूप, अर्थ आणि वापर यांचे ज्ञान वाचकाला होण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत वाचकाचे लक्ष मुख्यतः कथानकाकडे असते. शब्दांची ओळख ही वाचनाची आनुषंगिक निष्पत्ती असते. मातृभाषेतील शब्दसंग्रहाची वाढ, द्वितीय भाषेचे अध्ययन आणि वाचनशिक्षण या तिन्ही क्षेत्रांत हा विषय अभ्यासला जातो.

कादंबरी वाचून शब्द शिकता येतात, याविषयी संशोधकांत एकवाक्यता आहे. किती शब्द शिकता येतात, त्यासाठी एक शब्द किती वेळा भेटावा लागतो, शिकलेले शब्द किती काळ टिकतात आणि केवळ वाचन पुरेसे आहे की त्याला शब्दकोश व थेट अध्यापनाची जोड हवी, या प्रश्नांवर मात्र मतभेद आहेत. ज्यांच्याजवळ मुळातच पुरेसे शब्द नाहीत, अशा वाचकांना या मार्गाचा लाभ कमी मिळतो. त्यामुळे शैक्षणिक समतेच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा मानला जातो.

संज्ञा व व्याप्ती

शब्दसंपादनाचे दोन ढोबळ प्रकार केले जातात. शब्दांच्या याद्या, पाठांतर, स्वाध्याय किंवा शब्दपत्ते यांच्या साहाय्याने शब्द शिकणे याला हेतुपुरस्सर शब्दसंपादन म्हणतात. अन्य हेतूने केलेल्या वाचनातून वा श्रवणातून शब्द आत्मसात होणे याला आनुषंगिक शब्दसंपादन म्हणतात. प्रत्यक्षात या दोहोंमधील सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते. कादंबरी वाचताना एखाद्या शब्दापाशी थांबून शब्दकोश उघडणारा वाचक काही क्षणांपुरता हेतुपुरस्सर शिकत असतो.

वाचनशिक्षणात सखोल वाचन आणि स्थूलवाचन असा भेद केला जातो. सखोल वाचनात लहान उताऱ्यातील प्रत्येक शब्दाचा विचार होतो. स्थूलवाचनात मोठा मजकूर आशयासाठी वाचला जातो. कादंबरीवाचन सामान्यतः दुसऱ्या प्रकारात मोडते.

‘शब्द येणे’ ही एकसंध गोष्ट नाही. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी शब्दज्ञानाचे रूप, अर्थ आणि वापर असे तीन विभाग केले आहेत. शब्दाचे लेखन व उच्चार ओळखणे, त्याचा अर्थ जाणणे, त्याचे व्याकरणिक वर्तन समजणे, तो कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो हे ठाऊक असणे आणि तो योग्य प्रसंगी स्वतः वापरता येणे या सर्व त्याच्या पायऱ्या आहेत. वाचनातून मिळणारे ज्ञान बहुधा पहिल्या पायऱ्यांवरचे असते. शब्द ‘पाहिल्यासारखा’ वाटतो, त्याचा अंदाजे अर्थ लागतो, परंतु तो लेखनात वापरण्याइतका आत्मविश्वास आलेला नसतो.

इतिहास

परभाषा शिकण्यासाठी कथावाचनाचा पद्धतशीर वापर करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक प्रयत्न भारतात झाला. इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकल वेस्ट हे बंगालमध्ये ढाका येथे कार्यरत असताना त्यांनी बंगाली विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास केला. बंगालच्या संदर्भातील द्वैभाषिकतेवरील त्यांचे पुस्तक १९२६ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या वाचनपुस्तकांत दुर्मीळ व जुनाट शब्दांचा भरणा आहे, नवे शब्द एकाच ठिकाणी दाटीने येतात आणि पुढे पुन्हा भेटत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. यावर उपाय म्हणून त्यांनी मर्यादित शब्दांत लिहिलेली, नवे शब्द विरळ पेरलेली व त्यांची पुनरावृत्ती साधणारी वाचनमाला तयार केली. त्यांनी संपादित केलेली सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची सर्वसाधारण यादी १९५३ साली प्रकाशित झाली. प्रसिद्ध कादंबऱ्यांच्या श्रेणीबद्ध सुलभ आवृत्त्या काढण्याच्या परंपरेला या कार्यामुळे मोठे बळ मिळाले.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या विषयावर प्रायोगिक संशोधन होऊ लागले. १९८० च्या दशकात अमेरिकेत विल्यम नॅगी, पॅट्रिशिया हर्मन आणि रिचर्ड अँडरसन यांनी शालेय मुलांच्या मातृभाषेतील शब्दवाढीचा अभ्यास केला. त्याच दशकात फिजी बेटांवरील ग्रामीण प्राथमिक शाळांत वॉरविक एली व फ्रान्सिस मंगुभाई यांनी वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० गोष्टींची पुस्तके पुरवून इंग्रजीच्या अध्ययनावर होणारा परिणाम तपासला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातील प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांहून लक्षणीयरीत्या अधिक होती. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८९ मध्ये, आकलनक्षम मजकुराचे भरपूर वाचन हाच शब्दसंग्रह व शुद्धलेखन यांचा मुख्य स्रोत होय, अशी भूमिका मांडली. पुढील काळातील बरेचसे संशोधन या भूमिकेच्या समर्थनार्थ किंवा विरोधात झालेले आहे.

प्रक्रिया

संदर्भाचे प्रकार

अपरिचित शब्द आढळल्यावर वाचक आजूबाजूच्या मजकुरावरून त्याच्या अर्थाचा अंदाज बांधतो. परंतु सर्वच संदर्भ सारखे उपयुक्त नसतात. इझाबेल बेक, मार्गारेट मॅक्‌किओन आणि एलन मॅककॅस्लिन यांनी १९८३ मध्ये नैसर्गिक संदर्भांचे चार प्रकार सांगितले. मराठी उदाहरणांच्या आधारे ते पुढीलप्रमाणे स्पष्ट करता येतात.

दिशादर्शक संदर्भ: ‘पाच कोस चालूनही वाटेत विहीर, ओढा वा झरा आढळला नाही, त्या निर्जल मुलखात बैलांच्या जिभा बाहेर आल्या.’ येथे ‘निर्जल’ या शब्दाचा अर्थ वाक्यातूनच निश्चित होतो.

सर्वसाधारण संदर्भ: ‘सगळे हसत-खिदळत होते, धाकटा भाऊ मात्र खिन्न होता.’ ‘मात्र’ या शब्दामुळे विरोध कळतो. परंतु भाऊ दुःखी आहे, रागावला आहे की थकला आहे, हे निश्चित होत नाही.

दिशाहीन संदर्भ: ‘सकाळी मुतालिक वाड्यावर आले.’ मुतालिक ही कोणी व्यक्ती आहे, एवढेच समजते. दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा प्रतिनिधी, हा अर्थ वाक्यातून मिळत नाही.

दिशाभूल करणारा संदर्भ: ‘एवढा मोठा मान मिळाल्याची वार्ता ऐकूनही तो उदासीन राहिला.’ वाचक ‘उदासीन’ म्हणजे दुःखी असा अर्थ घेण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात या शब्दाचा अर्थ तटस्थ वा अनासक्त असा आहे.

शेवटचा प्रकार विशेष घातक मानला जातो, कारण चुकीचा अर्थही वाक्यात सहज बसतो आणि वाचकाला आपली चूक कळत नाही. कादंबरीकार शब्द शिकविण्यासाठी वाक्य लिहीत नाही. त्याला तो शब्द योग्य वाटला म्हणून तो येतो. त्यामुळे कादंबरीत चारही प्रकारचे संदर्भ मिसळलेले असतात. मात्र दीर्घ मजकुरात एकच शब्द वेगवेगळ्या संदर्भांत पुन्हा येतो आणि आधीचा चुकीचा अंदाज दुरुस्त होण्याची संधी मिळते. लहान उताऱ्याच्या तुलनेत कादंबरीचा हा महत्त्वाचा लाभ आहे.

ज्ञात शब्दांचे प्रमाण

संदर्भावरून अर्थ लावण्यासाठी संदर्भातील इतर शब्द ठाऊक असावे लागतात. बातिया लॉफर यांनी १९८९ मध्ये समाधानकारक आकलनासाठी मजकुरातील ९५ टक्के शब्द ज्ञात असणे आवश्यक असल्याचे मांडले. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कथात्मक मजकूर विनासाहाय्य समजण्यासाठी हे प्रमाण सुमारे ९८ टक्के असावे लागते, असे आढळले. त्यांच्या प्रयोगात केवळ ८० टक्के शब्द ज्ञात असलेल्या गटातील एकाही वाचकाला पुरेसे आकलन झाले नाही.

या टक्केवारीचा व्यावहारिक अर्थ असा, की सुमारे २५० शब्दांच्या पानावर ९८ टक्क्यांच्या पातळीवर ५ अपरिचित शब्द, ९५ टक्क्यांच्या पातळीवर १२ ते १३ आणि ९० टक्क्यांच्या पातळीवर २५ अपरिचित शब्द येतात. दर पानाला २५ शब्द अडणाऱ्या वाचकाचे कथानकाचे सूत्र सुटते आणि अंदाजाला आधारच उरत नाही. नेशन यांच्या २००६ मधील गणनेनुसार इंग्रजी कादंबऱ्या व वृत्तपत्रे ९८ टक्के पातळीवर वाचण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुलांचे ज्ञान लागते. मूळ शब्द आणि त्यापासून साधलेली रूपे मिळून एक शब्दकुल होते.

पुनरावृत्ती

एकदा भेटलेला शब्द क्वचितच लक्षात राहतो. किती भेटी पुरेशा आहेत, याविषयी अभ्यासांत वेगवेगळे आकडे आढळतात. शब्दाचे स्वरूप, संदर्भाची स्पष्टता, दोन भेटींमधील अंतर आणि वाचकाची पूर्वतयारी यांनुसार ही संख्या बदलते. भाषेतील मोजके शब्द अतिशय वारंवार येतात, तर बहुसंख्य शब्द क्वचित येतात. त्यामुळे जे शब्द ‘अवघड’ म्हणून शिकायचे असतात, नेमके तेच एका कादंबरीत एक-दोनदाच भेटतात. ही या मार्गाची मूलभूत अडचण आहे.

प्रमुख अभ्यास

‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ प्रयोग

अँथनी बर्जेस यांच्या १९६२ मधील ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीतील तरुण पात्रे ‘नॅडसॅट’ नावाची कृत्रिम बोली वापरतात. तिच्यातील बहुसंख्य शब्द रशियनवरून घेतलेले आहेत. उदाहरणार्थ, दुधासाठी ‘मोलोको’ आणि मित्रासाठी ‘द्रूग’. बर्जेस यांनी कादंबरीला शब्दार्थसूची जोडली नव्हती. वाचकाने संदर्भातूनच हे शब्द आत्मसात करावेत, असा त्यांचा हेतू होता. अमेरिकेतील एका आवृत्तीत मात्र पुढे अशी सूची घालण्यात आली.

साराजी, नेशन आणि मायस्टर यांनी १९७८ मध्ये या कादंबरीचा प्रयोगासाठी उपयोग केला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढ वाचकांना शब्दार्थसूची नसलेली प्रत देण्यात आली. नंतर आकलनाची चाचणी होईल, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात वाचनानंतर काही दिवसांतच त्यांची ९० नॅडसॅट शब्दांवर बहुपर्यायी परीक्षा घेण्यात आली. सरासरी ७६ टक्के उत्तरे बरोबर आली. रशियन न जाणणाऱ्या वाचकांना हे शब्द पूर्वी ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, त्यामुळे ही प्राप्ती वाचनाचीच मानली गेली.

या प्रयोगावर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला, वाचकांना कादंबरीतील उर्वरित इंग्रजी पूर्णपणे अवगत होती. परभाषा शिकणाऱ्याची स्थिती तशी नसते. दुसरा, बहुतेक नॅडसॅट शब्द हे दूध, मित्र, डोके यांसारख्या परिचित कल्पनांची नवी नावे आहेत. नवी कल्पना आणि तिचे नाव अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकणे अधिक कठीण असते. १९८९ मध्ये पिट्स, व्हाइट आणि क्रॅशन यांनी इंग्रजी द्वितीय भाषा असलेल्या विद्यार्थ्यांना याच कादंबरीची पहिली दोन प्रकरणे वाचण्यास दिली, तेव्हा शब्दप्राप्ती दहा टक्क्यांहूनही कमी आढळली.

ओमान येथील अभ्यास

मार्लिस हॉर्स्ट, टॉम कॉब आणि पॉल मीरा यांनी १९९८ मध्ये ओमानमधील ३४ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. टॉमस हार्डी यांच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या कादंबरीची सुमारे २१,००० शब्दांची सुलभ आवृत्ती वर्गात मोठ्याने वाचली गेली आणि विद्यार्थी आपापल्या प्रतीत ती पाहत गेले. चाचणीतील अज्ञात शब्दांपैकी सरासरी पाचांतील एक शब्द विद्यार्थ्यांनी आत्मसात केला. ज्यांचा शब्दसंग्रह आधीपासून मोठा होता, त्यांची प्राप्ती अधिक होती.

‘थिंग्ज फॉल अपार्ट’ अभ्यास

चिनुआ अचेबे यांच्या १९५८ मधील ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या नायजेरियातील इग्बो समाजावरील कादंबरीत इंग्रजी मजकुरातच इग्बो शब्द गुंफलेले आहेत. आना पेलिसेर-सांचेस आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजीवर चांगले प्रभुत्व असलेल्या २० स्पॅनिश भाषकांना ही कादंबरी देऊन ३४ इग्बो शब्दांची चाचणी घेतली. दहापेक्षा अधिक वेळा आलेल्या शब्दांपैकी ८४ टक्के शब्दांचा अर्थ पर्यायांतून ओळखता आला. स्वतः आठवून अर्थ सांगता येण्याचे प्रमाण मात्र ५५ टक्के होते. शब्द ओळखता येणे आणि तो आठवता येणे यांतील तफावत या आकड्यांतून स्पष्ट होते.

विस्मरणाचा अभ्यास

रॉब वेरिंग आणि मिसाको ताकाकी यांनी २००३ मध्ये १५ जपानी विद्यार्थिनींना ‘अ लिटल प्रिन्सेस’ या कादंबरीची सुलभ आवृत्ती वाचण्यास दिली. तिच्यातील २५ शब्दांच्या जागी बनावट शब्द घालण्यात आले होते. वाचनानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत सरासरी १५.३ शब्दांचे रूप ओळखता आले, पर्यायांतून १०.६ शब्दांचा अर्थ निवडता आला, तर भाषांतर करून अर्थ केवळ ४.६ शब्दांचा सांगता आला. तीन महिन्यांनंतर हा शेवटचा आकडा ०.९ वर आला, म्हणजे सरासरी एकही शब्द पुरता शिल्लक राहिला नाही.

मातृभाषेतील अनुमान

नॅगी, अँडरसन आणि हर्मन यांच्या १९८७ मधील अनुमानानुसार सामान्य वाचनात भेटलेल्या अपरिचित शब्दांपैकी सुमारे २० मध्ये १ शब्द शिकला जातो. हे प्रमाण अल्प दिसते. परंतु वर्षाला १० लाख शब्द वाचणाऱ्या मुलाला २ टक्के अपरिचित शब्द, म्हणजे २०,००० शब्द, भेटत असतील, तर वर्षाची प्राप्ती सुमारे १,००० शब्दांची होते. स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये २० प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून हे प्रमाण सरासरी १५ टक्के असल्याचे नोंदविले. एखादे पुस्तक वाचून लगेच मोठा फरक जाणवत नाही आणि वर्षानुवर्षे वाचणाऱ्यांचा शब्दसंग्रह मात्र विपुल असतो, या दोन अनुभवांतील विसंगतीचा उलगडा या गणिताने होतो.

मराठी कादंबरी आणि शब्दसंग्रह

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पासून सुरू झालेल्या मराठी कादंबरीच्या परंपरेत वाचकाला भाषेचे अनेक थर भेटतात. शब्दसंपादनाच्या दृष्टीने त्यांतील तीन थर ठळक आहेत.

पौराणिक कादंबऱ्या: वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९) आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) यांसारख्या महाभारतावर आधारित कादंबऱ्यांत संस्कृतप्रचुर शब्दकळा आहे. अशा शब्दांना उपसर्ग, प्रत्यय, संधी व समास यांच्या आधारे उकलता येते. ‘निर्’ म्हणजे अभाव हे एकदा कळले की ‘निर्जल’, ‘निर्मम’, ‘निर्विकार’ अशी शब्दमालिका खुली होते. पण संदर्भ आणि रचना दोन्ही अपुरे पडावेत असेही शब्द असतात. ‘अक्षौहिणी’ म्हणजे प्रचंड सैन्य एवढे वाचनातून समजते. २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ हे तिचे परंपरागत परिमाण कोशातच सापडते.

ऐतिहासिक कादंबऱ्या: रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२), ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) या पेशवाईवरील कादंबऱ्या आहेत. त्या काळाच्या राज्यव्यवहारातील खलिता, मसलत, पागा, तनखा, खंडणी, फडणीस यांसारखे शब्द अशा साहित्यात स्वाभाविकपणे येतात. यांतील बहुतेक फारसी-अरबी वळणाचे असल्यामुळे मराठी वाचकाला त्यांची फोड करता येत नाही व संदर्भावरच अवलंबून राहावे लागते. ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ हे दोघेही घोडेस्वार आहेत हे प्रसंगावरून कळते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा सरकारी वा सरदाराचा, हा भेद मात्र सांगितल्याशिवाय क्वचितच लक्षात येतो. एकाच कालखंडावरील अनेक पुस्तके पाठोपाठ वाचल्यास हे शब्द वारंवार भेटतात. अशा एका विषयाभोवतीच्या वाचनाचा पुरस्कार क्रॅशन यांनीही केला आहे.

प्रादेशिक कादंबऱ्या: श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) कोकणात, तर व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशातील धनगरांच्या वस्तीत घडते. अशा कादंबऱ्यांतील शब्द शेती, पशुपालन, झाडे, घरांची रचना व नातेसंबंध यांच्याशी निगडित असतात. शहरी वाचकाला शब्द आणि वस्तू दोन्ही अपरिचित असल्याने येथे अंदाज अधिक कठीण होतो. त्याच प्रदेशातील वाचकाला हेच शब्द घरचे असतात. कोणता शब्द अवघड, हे वाचकाच्या पार्श्वभूमीवर अवलंबून असते आणि ग्रामीण विद्यार्थ्याचा शब्दसंग्रह शहरी मोजपट्टीने मापल्यास तो अकारण तोकडा भासतो.

मराठीच्या रचनेमुळे आणखी एक अडचण उद्भवते. विभक्तिप्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते, त्यामुळे मजकुरात दिसणारे रूप आणि कोशातील नोंद वेगळी असते. ‘मळ्यात’ या रूपामागे ‘मळा’ हा पुल्लिंगी शब्द आहे, तर ‘खळ्यात’ या रूपामागे ‘खळे’ हा नपुंसकलिंगी शब्द आहे. नवा शब्द अशा रूपात भेटल्यास मूळ रूप कोणते, हे वाचकाला ठरवावे लागते.

परिचित शब्दाशी साम्य असलेले शब्दही फसवितात. ‘आपाततः’ या शब्दाचा ‘आपत्ती’शी संबंध जोडला जातो, परंतु त्याचा अर्थ प्रथमदर्शनी असा आहे. ‘अपरोक्ष’ म्हणजे मूळ अर्थाने प्रत्यक्ष. रूढ मराठीत मात्र तो ‘पाठीमागे, गैरहजेरीत’ अशा नेमक्या उलट अर्थानेही वापरला जातो. त्यामुळे जुन्या व नव्या ग्रंथांत त्याचा अर्थ प्रसंगानुसार तपासावा लागतो.

अशा वेळी जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी संपादित केलेला सात विभागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–१९३८) हे महत्त्वाचे आधार आहेत. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. महाराष्ट्रातील शालेय मराठी पाठ्यपुस्तकांत पाठांसोबत शब्दार्थ देण्याची प्रथा असून काही पाठ ‘स्थूलवाचन’ म्हणून समाविष्ट केलेले असतात.

परीक्षेसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेत दीर्घकाळ अवघड शब्दांवर प्रश्न विचारले जात. त्यामुळे परीक्षोपयोगी शब्द हेतुतः पेरलेल्या कादंबऱ्या हा एक वेगळा प्रकार निर्माण झाला. चार्ल्स हॅरिंग्टन एल्स्टर आणि जोसेफ इलियट यांची ‘टूथ अँड नेल’ (१९९४) ही महाविद्यालयाच्या परिसरात घडणारी रहस्यकथा त्याचे परिचित उदाहरण आहे. अशा पुस्तकांत शब्दांची घनता वाढविता येते व अर्थसूचीही देता येते. परंतु नैसर्गिक लेखनाच्या तुलनेत भाषा कृत्रिम होण्याचा धोका असतो. सॅट परीक्षेतून १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे, २००५ मध्ये शब्दसादृश्याचे आणि २०१६ मध्ये वाक्यपूर्तीचे प्रश्न वगळण्यात आले. त्यानंतर दुर्मीळ शब्दांच्या पाठांतराचे परीक्षेपुरते महत्त्व घटले.

वाचनपद्धती

संदर्भावरून अर्थ शोधण्यासाठी क्लार्क व नेशन यांनी १९८० मध्ये सुचविलेली क्रमवार पद्धत अध्यापनात वापरली जाते. तिच्या पायऱ्या अशा आहेत:

१. अपरिचित शब्द नाम, क्रियापद, विशेषण यांपैकी काय आहे ते ठरविणे.
२. त्याच वाक्यातील त्याच्याशी जोडलेले शब्द पाहणे.
३. आधीच्या व नंतरच्या वाक्यांशी असलेला कारण, विरोध किंवा विस्ताराचा संबंध तपासणे.
४. अर्थाचा अंदाज करणे.
५. तो अर्थ वाक्यात घालून, शब्दाची फोड करून किंवा कोश पाहून अंदाजाची खातरजमा करणे.

शब्दाची फोड शेवटी करण्यामागे कारण आहे. वाचकाने आधीच फोड केली, तर ‘उदासीन’ म्हणजे ‘उदास’ यासारखा समज होतो आणि मग तो संदर्भच त्या समजात बसवू पाहतो.

शब्दकोशाच्या वापराचे लाभ-तोटे लुपेस्कू आणि डे यांनी १९९३ मध्ये जपानी विद्यार्थ्यांवर तपासले. कोश वापरणाऱ्यांनी शब्दचाचणीत अधिक गुण मिळविले, परंतु त्यांना वाचनास जवळजवळ दुप्पट वेळ लागला. शिवाय अनेक अर्थ दिलेल्या नोंदींत काहींचा गोंधळ झाला. म्हणून प्रत्येक शब्दाला न थांबता, पुन्हा पुन्हा येणारे किंवा ज्यांच्यावाचून प्रसंग कळत नाही असेच शब्द पाहावेत, असा मध्यममार्ग सुचविला जातो. पाहिलेला शब्द मूळ वाक्यासह वहीत नोंदवून काही दिवसांच्या अंतराने उजळणी केल्यास विस्मरणाचा वेग कमी होतो. हुल्स्टाइन आणि लॉफर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार शब्दाची गरज, शोध आणि पारख यांत वाचकाचा सहभाग जितका अधिक, तितका शब्द अधिक टिकतो.

मर्यादा आणि वाद

केवळ वाचन पुरेसे आहे का, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती वाद आहे. क्रॅशन यांच्या मते शब्दाच्या अर्थासोबत त्याच्या छटा व वापर हे वाचनातूनच मिळतात आणि याद्यांचे पाठांतर नीरस व अल्पजीवी ठरते. टॉम कॉब यांनी २००७ मध्ये शब्दांच्या वारंवारतेची गणना करून दाखविले, की कमी वारंवार येणारे शब्द परभाषेच्या विद्यार्थ्याला शक्य असलेल्या वाचनात पुरेशा वेळा भेटतच नाहीत. अनेक अभ्यासक आता दोन्ही मार्गांना परस्परपूरक मानतात: नेमके अध्यापन शब्दाशी प्रथम ओळख करून देते आणि वाचन ती ओळख दृढ करते.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये वाचनाच्या संदर्भात ‘मॅथ्यू परिणाम’ ही संज्ञा रूढ केली. ज्या मुलाजवळ शब्द अधिक, त्याला वाचन सोपे जाते. ते अधिक वाचते आणि त्याचे शब्द आणखी वाढतात. ज्याच्याजवळ शब्द कमी, त्याला पुस्तक जड जाते, ते वाचन टाळते आणि अंतर वाढत जाते. अशा विद्यार्थ्याला ‘कादंबऱ्या वाच, शब्द आपोआप येतील’ हा सल्ला पुरेसा ठरत नाही. त्याच्या पातळीचे पुस्तक, वाचून दाखविणारी व्यक्ती आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारण्याची सोय यांची त्याला आवश्यकता असते. पुस्तके उपलब्ध करून दिल्यास ग्रामीण शाळांतही लक्षणीय फरक पडू शकतो, हे फिजीतील प्रयोगाने दाखवून दिले.

तिसरी मर्यादा मापनाची आहे. बहुपर्यायी चाचणी अपूर्ण ज्ञानही मोजते, तर अर्थ लिहून मागणारी चाचणी ते वगळते. त्यामुळे भिन्न अभ्यासांतील टक्केवारींची थेट तुलना करता येत नाही. तसेच बहुतेक संशोधन इंग्रजीवर आधारित असल्याने त्यातील शब्दसंख्या मराठीसारख्या प्रत्ययप्रधान भाषेला जशीच्या तशी लागू होत नाही.

हे सुद्धा पहा

शब्दसंग्रह
द्वितीय भाषा अध्ययन
मराठी कादंबरी
महाराष्ट्र शब्दकोश
मोल्सवर्थ कोश